गोळ्यांच्या डब्याने वाजवलेली चाल

शेवटचा साधा दिवस अगदीच साधा होता. बाबा छापखान्यात जायला निघण्याआधी घरातल्या बोळात स्टुलावर बसून बुटांना पॉलिश करत होते आणि पॉलिश करता करता गुणगुणत होते. चाल नेहमीचीच, त्यांच्या शाळेच्या बँडची. शाळेत त्यांच्या वाट्याला ढोल आला होता. सूर कधी आलाच नाही, म्हणून उरलेलं आयुष्य ते तोंडाने सूर वाजवत राहिले. चार ओळींची चाल. चौथ्या ओळीत एक सूर इतका उंच, की तिथे बाबांचा आवाज दर वेळी फाटायचा आणि फाटला की ते स्वतःच हसायचे.

स्वयंपाकघरात आई फोनचं बटण दाबून मावशीसाठी निरोप बोलत होती. लेक आपल्या खोलीत संगणकासमोर बसली होती. ती घरूनच पुस्तकांची मुद्रितं तपासायची. त्या दिवशी प्रकाशनाची तीन माणसं पडद्यावर एकदम बोलत होती आणि एका जाड पुस्तकात राहून गेलेल्या चौदा चुकांचं माप तिच्या पदरात घालत होती. बाहेरून चाल येत होती. तिने उठून दार लावलं. जरा जोरातच.

तिसऱ्या ओळीच्या मध्यावर सूर थांबला.

दुपारी छापखान्यातून फोन आला. बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. चाळीस वर्षं अक्षरं जुळवणारा माणूस, उजवा हात कीबोर्डवरच राहिला होता. पडद्यावर एकच अक्षर, पानंच्या पानं, ओळीमागून ओळ वाहत होतं. मालकांनी नंतर तो कीबोर्ड कापडात गुंडाळून घरी आणून दिला. अर्ध्या बटणांवरची अक्षरं झिजून गेली होती.

दाराचं लेकीने कुणाला सांगितलं नाही. आईने एकदा विचारलं होतं, "त्या दिवशी सकाळी काय गं आपटलं?" मग स्वतःच म्हणाली, "वाऱ्याने दार आपटलं असेल." लेक गप्प राहिली. गप्प राहायला फार कष्ट पडत नाहीत.

चार महिन्यांनी मावशीने आईला नादगुरूंकडे नेलं.

*

फर्निचरच्या दुकानावर एक लांबोडका हॉल होता. रविवारी दुपारी तिथे मुंगीलाही शिरायला जागा नसे. जिन्यात चपलांचा खच आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मांडीला मांडी. प्रत्येकाच्या मांडीवर एक पिशवी आणि पिशवीत गेलेल्या माणसाचा कीबोर्ड नाहीतर माउस. कुणी टॉवेलात गुंडाळलेला, कुणी उशीच्या अभ्र्यात. तान्ही बाळं लस टोचायला आणावीत तशी माणसं ती यंत्रं धरून बसली होती.

मंचावर टेबल आणि टेबलावर मखमल लावलेली लाकडी पेटी. पेटीत काय आहे ते विचारायचं नाही. पेटीतून एक वायर बाहेर आलेली, तिला सोनेरी दोरा गुंडाळलेला. तिचं नाव नादतंतू. एरवी ती कुठल्याही दुकानात मिळते, पण दोरा गुंडाळला की वायरसुद्धा सोवळी होते.

आणि पेटीमागे स्वतः नादगुरू. गोरेगोमटे, घडीचा पांढरा सदरा, कानाला लावलेला माइक.

"देह म्हणजे काय?" गुरू विचारत.

"हार्डवेअर!" हॉल ओरडे.

"आत्मा म्हणजे?"

"सॉफ्टवेअर!"

"आणि मी कोण?" गुरू हात जोडून मान खाली घालत. "मी कुणी नाही हो. मी नुसती वायर!"

टाळ्या. एवढा विनम्र माणूस पाहिला नाही, असं मावशी शेजारणीला म्हणाली. शेजारीण म्हणाली, "आणि शिकलेले आहेत. बोलतात ते निम्मं कळतच नाही."

गुरूंचं शास्त्र सोपं होतं. माणूस वर्षानुवर्षं ज्या बटणांना हात लावतो त्या बटणांत त्याची कंपनं झिरपतात. ती बटणं नादतंतूला जोडायची आणि जवळच्या माणसाने त्यावर बोटं ठेवायची. कुठलं बटण दाबायचं हे बोटांनी ठरवायचंच नाही, आत्मा ठरवतो. फक्त आठवडाभर आधी अर्ज भरायचा आणि गेलेल्या माणसाच्या आवाजाचा नमुना पाठवायचा.

"नमुना कशाला?" लेकीने मावशीला विचारलं होतं.

"नादशुद्धीला. तुला नाही कळायचं, तुझा विश्वास नाही."

पहिला नंबर एका निवृत्त बसचालकाचा होता. बायकोचा म्हणून आणलेला माउस त्याने टेबलावर सरकवला, तशी पेटीतून सारंगीसारखी किंकाळी निघाली. उजवीकडे नेला की सूर चढे, डावीकडे नेला की उतरे. हॉलमध्ये हुंदके सुरू झाले. पुढे एक थकलेले आजोबा आले. त्यांचं जाडजूड बोट एका बटणावर तसंच राहिलं आणि सूर टणटणटणटण धावत सुटले. "ओढ लागलीय! बघा, कशी ओढ लागलीय!" गुरू गरजले. आजोबांनी घाबरून बोट उचललं. ओढ तत्काळ थांबली.

लेकीच्या कपाळावर एक आठी आली. पण तेवढ्यात पुकारा झाला, "तेवीस नंबर!" आणि आई उठली.

बाबांचा झिजलेला कीबोर्ड जोडला गेला. आईने आयुष्यात कधी टाइप केलं नव्हतं. तिने बोटं कुठल्याही बटणांवर टेकवली, एक, मग दुसरं, मग तिसरं.

आणि बँडची चाल वाजू लागली.

मावशी रडू लागली. लेकीच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती चाल घरातल्या तीन माणसांनाच माहीत, असं तिला वाटायचं, आणि त्यातलं एक आता नव्हतं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर चाल थांबली. आईने पुढचं बटण दाबलं, तर पहिल्यापासून सुरू. पुन्हा तिसऱ्या ओळीचा मध्य, पुन्हा खंड.

गुरूंनी डोळे मिटले. "अडला," ते हळूच म्हणाले. "अर्धा सूर म्हणजे अर्धी इच्छा. माई, काहीतरी राहिलंय. तुमच्याकडून राहिलंय. आठवा."

आईने आठवलं. चाळीस वर्षांच्या संसारात शोधलं तर काय सापडत नाही? "मी त्या दिवशी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले नाही," ती रडत म्हणाली. "बहिणीला निरोप बोलत बसले."

"सापडलं!" गुरू म्हणाले. "चाळीस दिवस. रोज त्यांच्या कीबोर्डवर हात ठेवून बसायचं, दर रविवारी इथे यायचं. आणि माई, गोळ्या घेता?"

"रक्तदाबाची. सकाळ-संध्याकाळ."

"बंद. गोळ्यांनी कंपनं बुजतात. त्यांनी हाक मारली तरी तुम्हाला ऐकू येणार नाही."

*

आईने त्या संध्याकाळपासून गोळ्या सोडल्या. आठवड्याच्या गोळ्यांनी नुकताच भरलेला सात खणांचा प्लास्टिकचा डबा फडताळात मागे सारून दिला.

"आई, डॉक्टरांनी काय सांगितलंय? एक दिवसही चुकवायची नाही."

"डॉक्टरांना सुरातलं काय कळतं?"

"आणि गुरूंना रक्तदाबातलं काय कळतं?"

"तुझे बाबा अडकलेत आणि तू माझ्याशी वाद घालतेस?" आईचा आवाज चिरला. "मी दारापर्यंत गेले असते तर चार पावलं झाली असती. चार पावलं! तेवढीही मला जड झाली."

यावर लेकीने काय बोलायचं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती पाणी प्यायला म्हणून उठली.

दहाव्या दिवशी आईला घेरी आली. दवाखान्यातल्या बाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पट्टा काढून पुन्हा बांधला, पुन्हा आकडा पाहिला. "गोळ्या चालू आहेत ना?" त्यांनी विचारलं. आई खोटं बोलली. बाहेर आल्यावर बाईंनी लेकीला बाजूला घेतलं. "हे असंच राहिलं तर एक दिवस तोंड वाकडं होईल. किंवा त्याहून वाईट. समजलं?"

समजलं. पण आईला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. लेकीने खूप वाचलं होतं, भ्रम कसे होतात यावर तिच्या कपाटात तीन पुस्तकं होती. दुःखात बुडालेल्या आईला पुस्तक दाखवणं म्हणजे बुडत्याला पोहण्याचे नियम वाचून दाखवणं, हेही ती वाचून होती.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, काम करताना तिचं लक्ष उडालं आणि बोट एका बटणावर राहून गेलं. पडद्यावर एकच अक्षर धावत सुटलं. तिने दचकून बोट उचललं. अक्षर थांबलं.

लहानपणी बाबांनी तिला छापखान्यात टाइप करायला शिकवलं होतं. पहिला धडा तोच. "बोट उचल गं. बोट रेंगाळलं की अक्षर वाहतं."

आजोबांचं जाडजूड बोट. टणटणटणटण. ओढ!

तिने मावशीला फोन लावला. "मावशी, बाबांच्या आवाजाचा नमुना म्हणून तू काय पाठवलंस?"

"अगं, माझ्याकडे होतं काय? तुझ्या आईचा त्या सकाळचा निरोप होता फोनमध्ये. त्यात मागे भावोजी गुणगुणतायत. तोच दिला पाठवून. का गं?"

"मलाही पाठव."

निरोप आला. पुढे आईचा आवाज, डाळ महागल्याची बातमी. मागे बँडची चाल. पहिली ओळ, दुसरी, तिसरीचा मध्य. धाड. मग फक्त डाळ.

तिने निरोप पुन्हा पहिल्यापासून लावला. पुन्हा धाड.

आत्म्याचा खंड कुठून आला ते उघड होतं. नमुन्यात होता तेवढाच माल पेटीत भरला होता. भामट्याने चाल पुरी करण्याचेही कष्ट घेतले नव्हते. बाबा जन्मात कधी त्या जागी थांबले नव्हते, त्या एका सकाळीच थांबले होते.

हे आईला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण मग आईने विचारलं असतं, की त्या सकाळी तरी ते का थांबले? लेकीने ठरवलं, पेटी उघडी पाडायची. पेटी उघडी पडली की दाराचं बोलायची वेळच येणार नाही. शिकलेली माणसं भित्रेपणालाही योजना म्हणतात.

कोपऱ्यावर संगणक दुरुस्त करणारा होता, कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचून फिरणारा. त्याला तिने सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "थांबा ताई," आणि चहा निवायच्या आत त्याने आपल्या संगणकावर एक गाणं भरलं. "आता दाबा. कुठलंही."

तिने एक बटण दाबलं, पहिला सूर. भलतंच दुसरं दाबलं, दुसरा सूर. एकच बटण दहादा दाबलं, पुढचे दहा सूर.

"बटणाला काही अर्थच नाही," तो म्हणाला. "दाबलं की रांगेतला पुढचा सूर. चाल आधीच भरलेली, तुम्ही फक्त ढकलता. मोठमोठे कलावंत मंचावर हे करतात. कीबोर्डने, माउसने, गेमच्या दांड्याने मैफल रंगवतात. मी पाहिलीय, झकास असते. वाजवून झालं की कसं वाजवलं तेही सांगतात."

"आणि हे?"

"हे सांगत नाहीत. कला आणि भामटेगिरीत कधी कधी एवढंच अंतर असतं."

"तुमच्या भंगारात एखादा जुना कीबोर्ड आहे?"

त्याने ढिगातून एक उपसला. "गेमच्या दुकानातला आहे. शंभर जणांनी शिव्या देत बडवलाय. चालेल?"

"उत्तम चालेल."

*

रविवारी तेवीस नंबर पुकारला तेव्हा आईबरोबर लेकही मंचावर गेली. पिशवीतून तिने कापडात गुंडाळलेला कीबोर्ड काढला. आईचे डोळे बारीक झाले. "अगं, हा ह्यांचा नाही..."

"आई, फक्त बघ," लेक पुटपुटली.

गुरूंनी बटणांवर तळहात ठेवला, डोळे मिटले. "अहाहा. ऊब अजून आहे. एका सज्जन, शांत माणसाचा हात आहे हा. या हाताने कधी कुणाचं वाईट लिहिलं नाही."

आईने गुरूंकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी थांबलं.

नादतंतू जोडला गेला. लेकीने एकाच बोटाने एकच बटण दाबायला सुरुवात केली. बँडची चाल वाजू लागली.

"हा कीबोर्ड भंगारातला आहे," ती टेबलावरच्या दुसऱ्या माइकजवळ वाकून म्हणाली. "गेमच्या दुकानातून आलाय. माझ्या वडिलांनी याला कधी हात लावला नव्हता."

हॉलमध्ये कुजबुज झाली. गुरू क्षणभर अडखळले, पण मुरलेला माणूस. "ताई, तुमच्या बोटांत त्यांचंच रक्त आहे! आत्म्याला प्लास्टिकचं काय?"

"मग लोकांना पिशव्या घेऊन का बोलावता?"

"श्रद्धेला आधार लागतो."

"बरं. म्हणजे बोट हवं, रक्ताच्या माणसाचं?"

"अर्थात! प्रेमाचं बोट!"

लेकीने पिशवीतून आईचा गोळ्यांचा डबा काढला. दोन आठवडे न उघडलेला, सातही खण भरलेले, चांगला जड. "तुम्ही म्हणालात, गोळ्यांनी कंपनं बुजतात. बघू."

तिने डबा कीबोर्डवर ठेवला आणि दोन्ही हात वर केले.

बस चुकलेल्या बँडसारखी चाल धावत सुटली. पहिली ओळ, दुसरी, अर्धी तिसरी, खंड, पुन्हा पहिली, दुसरी, अर्धी तिसरी. रक्तदाबाच्या गोळ्या असा काही बँड वाजवत होत्या की मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग हसू हॉलभर सांडलं.

"ओढ लागलीय!" मागून एक बाई ओरडली. "डब्याला ओढ लागलीय!"

एक सेवक वायर उपटायला धावला. "हात लावू नकोस!" पहिल्या रांगेतून बसचालक उठला. चाळीस वर्षं गर्दीला मागे सरका म्हणालेला आवाज. सेवक जागीच थांबला. बसचालक मंचाकडे वळला. "मी पण एक सांगतो. माझ्या बायकोला यंत्राची भीती वाटायची. तिने माउसला कधी बोट लावलं नाही. तुम्ही आणा म्हणालात म्हणून मी शेजाऱ्याचा आणला. त्यातूनही ती रडली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला..." त्याने हातातली पिशवी खुर्चीवर ठेवली. "मला कळून घ्यायचं नव्हतं."

लेकीने डबा उचलला. चाल थांबली. तिने फोन माइकपाशी धरला आणि निरोप लावला. आईचा आवाज, डाळीचा भाव आणि मागे बाबा. पहिली ओळ, दुसरी, तिसरीचा मध्य. धाड.

"बाबा गेले त्या सकाळचा हा नमुना यांना पाठवला होता," ती म्हणाली. "यात जेवढे सूर आहेत तेवढेच पेटीत आहेत. चालीला चौथी ओळ आहे, बाबा ती रोज म्हणायचे. ती या पेटीला येत नाही, कारण ती फोनमध्ये नव्हती. कुठलंही बटण दाबा, बोट ठेवा, डबा ठेवा, पेटी फक्त भरलेलं पुढे ढकलते. तुम्हीही घरी जाऊन बघा तुम्ही काय पाठवलं होतं. इथे तुम्हाला तेवढंच परत मिळालंय."

गुरूंचा चेहरा उतरला होता, पण जीभ शाबूत होती. ते एकदम आईकडे वळले. "माई, यंत्राचं सोडा! यंत्र चुकेल. पण त्या सकाळीसुद्धा ते तिथेच थांबले, हे तुमच्या लेकीनेच ऐकवलं! का थांबले? आयुष्यात कधी न थांबणारा माणूस त्याच दिवशी का अडला? बाहेर उभ्या मृत्यूची चाहूलच ना ती? तुमच्या पावलांची वाट बघत थांबले! द्या म्हणावं उत्तर!"

हसणारा हॉल गप्प झाला. भामट्याला उत्तर ठाऊक नव्हतं, पण प्रश्न मात्र बरोबर जागी लागला होता.

आई पुढे आली होती. चेहरा पांढरा, हात टेबलाच्या कडेवर. "माझ्यामुळेच," ती म्हणाली. "मी गेले नाही ना दारापर्यंत..."

लेकीच्या हातात गोळ्यांचा डबा होता. सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. पेटी उघडी पडली होती, योजना पार पडली होती, आणि तरीही आई त्याच खड्ड्यात उभी होती. खड्डा गुरूने खणला नव्हता. त्याने फक्त आयता वापरला होता.

"चाहूल नव्हती, आई," ती म्हणाली. माइकमुळे आवाज फार मोठा आला, म्हणून तिने माइक बाजूला सारला. "चाहूल नव्हती, अर्धी इच्छा नव्हती, तू तर नव्हतीसच. अशा गोष्टींना कारण असतं, आणि ते बहुतेक वेळा साधं असतं, आणि कुणालातरी माहीत असतं. जो बोलत नाही त्याच्या गप्प बसण्यावर यांची दुकानं चालतात. गेल्या चार महिन्यांत मीही चालवलं यांचं दुकान."

तिने रविवारच्या खणाचं झाकण उघडलं, गोळी आईच्या तळहातावर ठेवली आणि आईची बोटं मिटली.

"दार वाऱ्याने नव्हतं आपटलं," ती म्हणाली. "बाबा गात होते आणि मला ते नको झालं होतं. दार मी लावलं, आई. त्यांच्या तोंडावर मी लावलं."